फाटकावरची नोटीस

"एकमेकांना शांती द्या," फादर लॉर्कन म्हणाले, आणि ब्रीडानं हात दिला तो पेग हेहिरला. पेग पलीकडे उभी होती, मध्ये मॅलकी, आणि रिवाज शेजारच्याचा हात हाती घ्यायचा. मॅलकीनं हात पुढे केलेला होता. क्षणभर तो तसाच राहिला, मग त्यानं तो मुकाट्यानं कोटाच्या खिशात घातला. स्वयंपाकघरात त्या वेळी अठरा-वीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या, तरी दिसायचं ते सगळ्यांना दिसलं.

आता हे काही थोडंथोडकं नव्हे. आमच्या किलड्रीनमध्ये माणसं एका बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जातील, पण ज्या घरी मिस्साची, म्हणजे फादरांनी घरी येऊन करायच्या प्रार्थनेची, पाळी असेल त्या छपराखाली त्या सकाळी अबोला ठेवायचा नाही, हे ठरलेलं. पाळी दहा-बारा वर्षांनी एकदा येते. घराला चुना लागतो, खिडक्यांना रंग लागतो, वर्षानुवर्षं न बोललेले भाऊ आदल्या दिवशी कुंपणाशी येऊन हवापाण्याचं बोलून जातात. मग मिस्सा, मग न्याहारी. फिन्टन कॉन्सिडिन गेल्यापासून त्याच्या घरची ही पहिलीच मिस्सा, आणि त्याच मिस्सात त्याच्या बायकोनं त्याच्या थोरल्या भावाचा हात धरला नाही.

फिन्टनची आई डीलिया सगळ्यात पुढे, टेबलाला चिकटून बसली होती. आज ते टेबल म्हणजे वेदी. वय ब्याऐंशी, पण नजर ससाण्याची. तिनं सुनेकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि वेदीवरच्या पांढऱ्या कापडाची एक सुरकुती तळहातानं सारखी केली.

न्याहारीला हॅम होतं, उकडलेली अंडी होती, ब्रीडानं पहाटे उठून भाजलेला तपकिरी पाव होता. फादर रिवाजाप्रमाणे पुढच्या खोलीत बसून दोन अंडी खाऊन गेले. एरवी मिस्साची न्याहारी दुपारपर्यंत रेंगाळते. पण भांडणाचा वास आला की किलड्रीनची माणसं एक तर लगेच येतात, नाही तर लगेच जातात. आज गेली. पेग हेहिर तेवढी "कप विसळून देते की" म्हणत घुटमळत होती, तिला असम्प्टानं स्वतः कोट घालून दिला आणि दार लावून घेतलं.

असम्प्टा डीलियाची एकुलती एक लेक. लिमरिकच्या एका हॉस्पिटलात मेट्रन आहे. तिथे तिच्या बुटांचा आवाज आला की नर्सा खुर्च्यांवरून उठतात म्हणे. खरं असावं.

"हं. आता बोल, ब्रीडा," ती म्हणाली. "फादरांच्या तोंडावर तमाशा केलास तो कशासाठी?"

"त्याला विचार."

"मी तुला विचारतेय."

ब्रीडाला स्वतःची लाज वाटत होती, पण राग त्याहून मोठा होता. काल दुपारपासून तो तिनं पोटात धरून ठेवला होता. पाव मळताना, कापडांना इस्त्री करताना, गुडघे टेकताना, सारखा धरून ठेवला होता.

"फाटकावरची नोटीस काढली त्यानं," ती म्हणाली. "काल कौन्सिलचा इन्स्पेक्टर येऊन गेला. नोटीस जागेवर नाही. अर्ज बाद! फोनवरची मुलगी बिचारी मलाच सॉरी म्हणत होती. नकाशे परत, पुन्हा पहिल्यापासून सगळं. झालं समाधान, मॅलकी?"

मॅलकी अंड्याचं टरफल सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

अर्ज होता नव्या फाटकाचा आणि तिथून घरापर्यंतच्या नव्या गाडीवाटेचा. जुनं फाटक वळणाच्या पोटात आहे. तिथून गाडी काढताना येणारं काही दिसत नाही. म्हणून या घरात गाडी शिकणाऱ्याला पहिला धडा तोच: रेडिओ बंद कर, काच खाली कर, कान दे, क्रूसाची खूण कर, आणि निघ. अकरा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सकाळी वारा इतका होता की कान देऊनही उपयोग झाला नाही. फिन्टन निघाला आणि वळणावरून दुधाचा टँकर आला. तेव्हा त्यांची लेक ओर्ला सहा वर्षांची होती. आता ती सतरा पुरी करून सप्टेंबरपासून रोज एनिसला कॉलेजला जाणार होती, बापाच्याच त्या फाटकातून, स्वतः गाडी चालवत.

ब्रीडाला ते होऊ द्यायचं नव्हतं. नवं फाटक चाळीसेक पावलं वर, सरळ रस्त्यावर, अशी जागा तिनं धरली. कौन्सिलनं जागा पाहून मान डोलावली, पण अट घातली: तिथून दोन्ही बाजूंना रस्ता लांबवर मोकळा दिसला पाहिजे. म्हणजे मॅलकीच्या शेताची दगडी भिंत गुडघ्याइतकी खाली आणायची, आणि भिंतीपुढे रस्त्याच्या कडेला, अपघातानंतर उभारलेला फिन्टनच्या नावाचा स्मृतीचा दगड तिथून हलवायचा. महिनाभर आढेवेढे घेऊन मॅलकीनं सही दिली होती. मग नियमाप्रमाणे नोटीस लागली. पाच आठवडे ती रस्त्यावरून वाचता येईल अशी राहायला हवी, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी.

"वाऱ्यानं गेली असेल," मॅलकी म्हणाला.

"चार खिळ्यांनी ठोकलेली? वारा खिळे उपटून खिशात घालून गेला वाटतं?"

"अगं, सही त्यानंच दिलीय ना?" असम्प्टा मध्ये पडली. "सही द्यायची आणि नोटीस काढायची, एवढं डोकं मॅलकीला आहे का? भिंत त्याची, शेत त्याचं, द्यायचीच नसती तर सरळ नाही म्हणाला असता."

"सही देताना काय बोलला ते ऐकायला तू नव्हतीस. 'कागदावर देतो, पण पहिला दगड कोण हलवतो ते बघू.' म्हणाला होतास की नाही?"

"म्हणालो होतो."

"मग? काढलीस ना?"

मॅलकीनं अंडं ताटलीत ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी गाई आत घेताना त्याला फाटकाशी आई दिसली होती. हातात त्याचाच हातोडा, खिळे उपटायचा. तिनं एकेक खिळा काढला, नोटीस स्वेटरच्या आत घातली, दगडावरून हात फिरवला आणि वाट चढून घराकडे गेली. गुडघ्यांच्या दुखण्यानं ती हल्ली कोंबड्यांपर्यंतसुद्धा जात नव्हती. मॅलकी गाईंच्या मागे उभा राहिला. हाक मारावी असं त्याला वाटलं, पण काय म्हणून मारायची ते सुचलं नाही. साठीला आलेला, लग्न न केलेला माणूस. आयुष्यभर आईला उलट प्रश्न विचारलेला नाही, तो काय आता विचारणार?

"समज, काढली," तो म्हणाला.

"समज?" असम्प्टा ताडकन त्याच्याकडे वळली. आतापर्यंत ती ज्याची बाजू घेत होती त्याच्यावरच तिचा तोफखाना फिरला. "अरे बैला! पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तू असले धंदे करतोस? तोंडानं सांगता येत नव्हतं? फिन्टन गेला तेव्हाही असाच मिठाची गुळणी धरून बसलास, प्रेताजवळ सुद्धा एक शब्द बोलला नाहीस, आणि आता..."

"असम्प्टा, पुरे," ब्रीडा म्हणाली.

"का पुरे? तुझ्याच बाजूनं बोलतेय मी."

"आता बाजूनं बोलून काय करू?" ब्रीडा खुर्चीत बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. "ऐका दोघं. मी पुन्हा अर्ज करणार नाही. आता केला तर ख्रिसमस उजाडेल, आणि तेव्हाही कुणीतरी काहीतरी काढेलच. एनिसला दोन खोल्या बघून ठेवल्यात मी. ओर्लाची परीक्षा झाली की जूनमध्ये आम्ही जातो."

ओर्ला मोरीशी कप धूत होती, तिचे हात पाण्यातच थांबले.

"आणि आई?" असम्प्टानं विचारलं.

"आईंना तुम्ही बघा. अकरा वर्षं मी बघितलं."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. सासू तीन हातांवर बसलेली. सासूनं तिला कधी तोडून बोललेलं नव्हतं. फिन्टन गेल्यावर माहेरच्यांनी हजारदा सांगितलं, पोरीला घेऊन निघून ये. ती राहिली ती या म्हातारीसाठीच. पण शब्द गेला तो गेला.

"मला कुणी विचारणार आहे का?" ओर्ला म्हणाली.

"तू कप धू," तिघंही एकदम म्हणाली. एरवी यावर हसू आलं असतं.

"ओर्ला," डीलिया पहिल्यांदाच बोलली. "त्या मेणबत्त्या उचल बाळ. आणि क्रूस. नीट धर."

ओर्लानं हात पुसून वेदीवरचं सामान उचललं. डीलियानं कापडाचं टोक धरलं आणि ते हळूहळू मागे दुमडत नेलं. खाली टेबलावर नोटीस होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतला पांढरा कागद, चारही कोपऱ्यांना भोकं, आणि रुमालाच्या घडीत खिळे.

"मी काढली," डीलिया म्हणाली. "मॅलकी खोटं बोलतोय. लहानपणीही असम्प्टानं फोडलेल्या बश्यांचा मार हाच खायचा."

"आई!" असम्प्टा मटकन बसली. "फादरांनी याच्यावर मिस्सा म्हटली?"

"म्हटली. काही बिघडलं नाही त्यांचं."

"पण का, आई?" ब्रीडा म्हणाली. "मला सांगायचं होतंत."

"फादर येणार, सगळा गाव येणार, आणि फाटकाशी थांबून वाचणार. 'स्मृतीचा दगड हलवणे.' माझ्या पोराचं नाव एका हाताला, आणि दुसऱ्या हाताला कौन्सिलचा कागद, की याला इथून काढा. मला ते सोसेना. म्हटलं, मिस्सापुरती काढू, मग परत ठोकू. तो मेला इन्स्पेक्टर शुक्रवारीच कडमडणार, हे मला काय स्वप्न पडलं होतं?" ती थांबली. कापडाचं टोक अजून तिच्या मुठीत होतं. "नाही. हेही खरं नाही. घरात पवित्र मिस्सा झालीय, खोटं कशाला बोलू? परत ठोकणार नव्हते मी. वेदीखाली ठेवली आणि म्हटलं, देवा, आता तूच बघ काय ते."

"देवानं इन्स्पेक्टर पाठवला," मॅलकी पुटपुटला.

"गप बस रे," असम्प्टा म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण तिथे क्रूसाची खूण करतो," डीलिया म्हणाली. "परके लोकसुद्धा. गाड्यांतून जाता जाता. दिवसाकाठी किती माणसं त्याच्यासाठी हात उचलतात! तो शेतात आत नेऊन ठेवला की कोण बघणार त्याच्याकडे? गाई? ब्रीडा, तू तरणी होतीस, तुझं आयुष्य पुढे होतं, मी कधी काही म्हटलं नाही. पण तुला तो दगड नकोसा झालाय, असं मला वाटलं. मग तुला कसं सांगणार?"

ब्रीडा उठून सासूच्या खुर्चीजवळ गेली आणि खाली, फरशीवरच बसली.

"मला तो दगड नकोसा झालेला नाही, आई. मला शेजारी दुसरा नकोय."

डीलिया तिच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात किल्ल्यांचा आवाज झाला. ओर्लानं एप्रन काढून खुंटीला अडकवला होता.

"आजी, चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"फाटकापर्यंत. तुझे गुडघे दुखतील, गाडीतून नेते."

डीलियाला गाडीत बसवायला दोघी लागल्या. मॅलकी आणि ब्रीडा मागून चालत निघाले, एकमेकांपासून चार पावलं अंतर ठेवून. असम्प्टा दारातच उभी राहिली. वाट उताराची, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही कडांना खड्डे. ओर्लानं गाडी सावकाश खाली नेली आणि फाटकाच्या दोन खांबांमध्ये थांबवली. रेडिओ बंद केला. काच खाली केली.

डीलियाचे डोळे मिटले आणि हात कपाळाकडे गेला. अकरा वर्षं हेच चालत आलं होतं. रविवारी चर्चला जाताना, डॉक्टरकडे जाताना, फाटक आलं की डोळे मिटायचे, खूण करायची, त्याचं नाव घ्यायचं, आणि गाडी वळून सरळ लागली की उघडायचे.

"आजी, डोळे मिटू नकोस."

"सवय आहे ग."

"माहीत आहे. पण आज बघ."

डीलियानं डोळे उघडले. "इकडून काही दिसत नाही मला."

"तिकडून नाहीच दिसणार. इथे बस, माझ्या जागेवर."

"मी? अगं, मी जन्मात गाडी चालवली नाही."

"चालवायची नाहीये. नुसतं बसायचंय."

ओर्लानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली, आजीला उतरवून पुढून फिरवून आणलं आणि स्टीअरिंगमागे बसवलं. तोपर्यंत मॅलकी आणि ब्रीडा येऊन पोहोचले. ती दोघं मागेच थांबली.

डीलियानं स्टीअरिंगवर हात ठेवले. ही त्याची जागा. गाडी दुसरी, पण जागा तीच, खांब तेच. तिनं डावीकडे पाहिलं. रस्ता हेहिरांच्या घरापर्यंत दिसत होता. मग तिनं उजवीकडे पाहिलं.

उजवीकडे दगड होता. पण त्याची नावाची बाजू रस्त्याकडे. इथून त्याची नुसती जाड, करडी कड दिसत होती. त्याला बिलगून फ्युशियाची जाळी. पहिल्याच उन्हाळ्यात पेगच्या कुंपणातली एक काडी आणून डीलियानं स्वतःच्या हातानं तिथे खोचली होती, पोराला लाल फुलं आवडायची म्हणून. आता ती गाडीच्या टपाच्याही वर गेली होती. त्यापलीकडे रस्ता असणार. तो काही दिसत नव्हता. डीलिया पुढे वाकली, मान लांब केली, तरी दिसेना.

आणि मग दगडाच्या मागून एकाएकी एक पांढरी व्हॅन निघाली आणि नाकासमोरून गेली. आवाज आला तो ती गेल्यावर. स्टीअरिंगवरचे हात डीलियाला सोडवेनात.

ओर्ला खिडकीशी वाकून उभी होती.

"रोज असंच?" डीलियानं विचारलं.

"रोज."

"त्याला एवढंच दिसलं असेल? तेवढ्यात तो..."

ओर्ला अगदी हळू म्हणाली, "बाबाला थोडं जास्त दिसत असणार, आजी. तेव्हा दगड नव्हता. फुलंही नव्हती."

मागे ब्रीडानं तोंडावर हात धरला. आपल्यापैकी कुणी हे बोलायला धजलं नव्हतं. खरं तर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. क्रूसाची खूण करताना माणसाची मान खाली असते.

डीलियाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं दार उघडलं.

"मॅलकी. सब्बल घेऊन ये. आणि ट्रॅक्टर."

"आई, आज? अजून परवानगी यायचीय. अर्जच बाद झालाय."

"फाटकाला कौन्सिलची परवानगी लागते ना? ती ब्रीडा आणील. दगड हलवायला माझी पुरे आहे."

मॅलकीनं ब्रीडाकडे पाहिलं.

"सोमवारी नेते अर्ज," ब्रीडा म्हणाली. "नोटीसही नवी लागेल. तारीख बदलावी लागते."

"ती मी ठोकेन," डीलिया म्हणाली. "आणि मीच राखीन. खिडकीशी खुर्ची टाकून बसते पाच आठवडे. बघू कोण काढतंय."

मॅलकी ट्रॅक्टरवर सब्बल घेऊन आला तो मिस्साच्याच कपड्यांत, फक्त कोट काढून. आधी फ्युशिया छाटावी लागली. कुऱ्हाड त्यानं आणली, पण पहिली फांदी डीलियानं हातानं मोडली आणि बाजूला ठेवली, शेतात नव्या जागी खोचायला. मग तो भिंतीवरून पलीकडे गेला. दगड आत घ्यायचा तर आधी त्याच्यामागचे भिंतीचे धोंडे पलीकडे उतरवायला हवे होते, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. ब्रीडानं बूट काढले आणि ती भिंतीवर चढली. वरचा एक धोंडा हलत होता. मॅलकीनं हात पुढे केला, आणि ब्रीडानं तो घट्ट धरून खाली उडी मारली.

धोंडे उतरले, भिंतीत वाट झाली, आणि सब्बल दगडाच्या बुडाशी गेली. दगड हलला, पण सुटेना. अकरा वर्षांत मातीनं त्याला चांगलाच धरला होता. मॅलकी घामाघूम झाला. ब्रीडानं सब्बलीवर आपलं वजन टाकलं, ओर्लाही धावली.

"थांबा जरा," डीलिया म्हणाली.

ती काठी टेकत पुढे आली. तिनं दगडावर, नावाच्या जरा वर, हात ठेवला. लहानपणी त्याच्या पाठीवर ठेवायची तसा.

"फिन्टन," ती म्हणाली, "जरा सरक, बाळा. पोरीला रस्ता दिसत नाहीये."